फोंताइन्हास : पणजींतील एक राहती पेठ

संकेश्वराहून बांद्याला जाणारा रस्ता आमच्या आजऱ्यावरून जातो. आंबोलीचा घाट उतरला, दाणोली मागें पडली, कीं कोंकण लागतें. आणि बांद्याच्या पुढें पत्रादेवीचा नाका ओलांडला कीं गोवा. आजऱ्याचा माणूस सकाळीं न्याहारी करून निघाला तर दुपारच्या जेवणाला पणजींत पोहोंचतो. आमच्याकडील माणसें या वाटेनें पुष्कळ जातात. कोणी मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दर्शनाला, कोणी नोकरीला, आणि तरुण मंडळी समुद्र पाहावयाला. मीहि आजवर पांच-सहा वेळां गेलों होतों आणि दर वेळीं पणजीच्या बसस्थानकावर दुसरी गाडी धरून पुढें निघून गेलों होतों. त्याच बसस्थानकापासून खाडीवरचा लहानसा पूल ओलांडून पांच-सात मिनिटें चाललें तर दोनशें वर्षांपूर्वींची एक पेठ लागते, ही गोष्ट मला वयाच्या पासष्टाव्या वर्षीं समजली. मुलांना जन्मभर इतिहास शिकविलेल्या मास्तराला हें सांगतांना संकोच वाटतो खरा. पण माझ्यासारखे आणखीहि कांहीं असतील, म्हणून सांगून टाकतों.

गेल्या दिवाळीनंतर मी तेथें मुद्दाम गेलों. त्याला कारण घरगुती होतें. आजऱ्यांत आमचें वडिलार्जित घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढें सोपा, मधें माजघर, मागें परडें, वर मंगलोरी कौलें. आम्ही चौघे भाऊ. दोघे बाहेरगांवीं स्थायिक झालेले, एक निवर्तलेला, आणि मी तेवढा त्या घरांत राहतों. घर गळतें, भिंतीला पोपडे धरतात, तेव्हां तें पाडून सिमेंटची इमारत बांधावी असें घरांत जवळजवळ ठरलें होतें. माझा नातू इमारतींच्या आंखणीचें शिक्षण घेतो. तो म्हणाला, "आबा, पाडण्याआधीं एकदां पणजीची जुनी पेठ बघून येऊया. तिथं पण जांभाच आहे, आणि पाऊस आपल्यापेक्षां जास्त." त्याच्या या शेवटच्या वाक्यानें मी निघालों.

फोंताइन्हास या पोर्तुगीज नांवाचा अर्थ लहान झरे. पणजीच्या मध्यावर आल्तिनो नांवाची टेकडी आहे. तिच्या पूर्वेच्या पायथ्याशीं एक झरा वाहतो. त्याला फिनिक्स पक्ष्याच्या नांवानें ओळखतात, आणि पेठेला नांव मिळालें तें या पाण्यावरून. टेकडी एका बाजूला, ओरेंची खाडी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत ही वस्ती. पट्टी अरुंद, म्हणून गल्ल्या अरुंद आणि घरें एकमेकांना खेटून. दक्षिणेला लागूनच मळा. या नांवावरूनच पूर्वीं तेथें काय होतें तें कळतें.

आतां ही वस्ती येथें कां झाली, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. इ. स. १५१० मध्यें आल्बुकेर्कनें गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडून घेतला. राजधानी होती ती आजच्या जुन्या गोव्यांत, पणजीच्या वरच्या अंगाला मांडवीच्या कांठीं. पणजी त्या वेळीं कोळ्यांचें व माडांचें खेडें. तेथें यूसुफ आदिलशहाचा नदीकांठचा वाडा तेवढा मोठा. १६३३-३४ मध्यें लिन्यारेशच्या काउंटनें, म्हणजे त्या वेळच्या व्हाइसरॉयनें, दलदलीतून रायबंदर व पणजी यांना जोडणारा सुमारें तीन किलोमीटर लांबीचा बंधारा बांधला. त्यावरून आजहि मोटारी धांवतात. पुढें जुन्या गोव्यांत पटकी व हिंवताप यांच्या सांथींवर सांथी आल्या, माणसें मेलीं, उरलीं तीं गांव सोडूं लागलीं. १७५९ मध्यें खुद्द व्हाइसरॉय आदिलशहाच्या त्या वाड्यांत राहावयास आला. मागोमाग कारकून, वकील, व्यापारी आले. १८४३ च्या राजाज्ञेनें पणजीला नवें गोवें या नांवानें राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे रोगानें एक शहर ओसाड पाडलें आणि दुसरें वसविलें.

या पेठेची जमीन प्रथम लागवडीला आणली ती आन्तोनियु जुआंव द सिकेर या गोमंतकीयानें, अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यानें मोझांबिकांत पैसा मिळविला होता आणि लोक त्याला "मोसमीकर" म्हणत. हें नांव ऐकून मला मोठी मौज वाटली. आमच्याकडे मुंबईहून पैसे मिळवून आलेल्याला गांव मुंबईकर म्हणतें; त्याच न्यायानें आफ्रिकेहून आलेला तो मोसमीकर! सरकार पोर्तुगीज, धर्म ख्रिस्ती, पण माणसाला ओळखण्याची रीत आपल्याच भाषेची. त्यानें लाविली माडांची बाग. घरें पुढच्या पिढ्यांनीं बांधलीं. तेव्हां "पोर्तुगीजांची वस्ती" असें आपण सैल बोलतों, तें जपून बोलावें. राहणारे पुष्कळसे गोमंतकीय होते, कांहीं मिश्र वंशाचे, आणि भिंती रचणारे हात तर निःसंशय येथलेच.

आम्ही बसस्थानकावरून पूल ओलांडून सकाळीं आठच्या सुमारास पेठेंत शिरलों. ही वेळ चांगली. ऊन तिरपें असतें, पाववाल्याच्या सायकलीचा भोंपू ऐकूं येतो, आणि हौशी मंडळी अजून निजलेली असते. प्रथम लागतो तो खाडीकांठचा ओरेंचा रस्ता. त्याच्या आंत त्याला जवळजवळ समांतर "३१ जानेवारीचा रस्ता". तारखेचें नांव दिलेले रस्ते पोर्तुगालांत पुष्कळ आहेत. ३१ जानेवारी १८९१ रोजीं तेथील पोर्तो शहरांत राजसत्तेविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनीं बंड केलें, तें फसलें, आणि १९१० मध्यें प्रजासत्ताक आल्यावर त्या तारखेचा गौरव झाला. रस्त्यांचीं नांवें निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांवर लिहिलेलीं आहेत. या फरशांना पोर्तुगीजांत आझुलेजु म्हणतात. शब्द मूळचा अरबी आणि कलाहि अरबांकडून स्पेन-पोर्तुगालांत गेलेली. एका गल्लीच्या कोंपऱ्यावर उभें राहिलें कीं असें अर्धें जग भेटतें.

घरें पाहावयाचीं तीं खालून वर. जोतें जांभ्याचें व उंच, कारण खाडी शेजारीं. दार रस्त्यावरच उघडणारें. वर लांकडी किंवा लोखंडी कठड्याचे सज्जे, रस्त्यावर झुकलेले. त्यांत कुंड्या आणि वाळत टाकलेले कपडे. गोव्याच्या खेड्यांत घरापुढें पायऱ्यांचा व बसण्याच्या कट्ट्यांचा "बल्कांव" असतो. शहरांत त्याला जागा नाहीं, म्हणून तो जणूं उचलून वरच्या मजल्यावर नेला आहे. कांहीं खिडक्यांना काचेऐवजीं शिंपल्यांचीं तावदानें अजून शिल्लक आहेत. एका जातीचा शिंपला चपटा व अर्धपारदर्शक असतो. त्याचे चौकोन कापून लांकडी खांचींत बसवीत. प्रकाश आंत येतो, पण ऊन व बाहेरची नजर येत नाहीं. वर मंगलोरी कौलें. तीं आपल्याहि घरांवर आहेत. १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळुरांत कारखाना काढला आणि साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर तीं पसरलीं. कौलांपुरता तरी आजरा आणि फोंताइन्हास यांत भेद नाहीं.

रंगांविषयीं विशेष सांगावयाचें आहे. घरें पिवळीं, तांबडीं, निळीं, हिरवीं. खिडक्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या. पोर्तुगीज अमदानींत दरवर्षी पावसाळा संपला कीं घराची दर्शनी बाजू रंगविलीच पाहिजे असा दंडक होता, आणि निखळ पांढरा रंग चर्चसाठीं राखून ठेवलेला, असें तेथें सांगतात. परदेशी पाहुण्याला यांत हौस दिसते. मला यांत दुसरें कांहीं दिसलें. जांभा दगड सच्छिद्र असतो. चार महिने तो पाणी पितो, आणि पुढें आठ महिने त्याला तें बाहेर टाकावें लागतें. चुन्याचा गिलावा व चुन्याचा रंग त्याला श्वास घेऊं देतो. वर्षाचा रंग म्हणजे भिंतीची वर्षाची तपासणी! भेग कोठें पडली, पोपडा कोठें सुटला, कोणतें कौल सरकलें, हें रंगाऱ्याच्या हाताला आधीं कळतें. आमच्याकडे मृगापूर्वीं घर शेकारण्याची रीत याच जातीची होती. नातवानें मग हळूच विचारलें, "आबा, आपल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कधीं केला?" मी म्हणालों, "तुझ्या बापाच्या लग्नांत." तो कांहीं बोलला नाहीं. सिमेंटनें दगडाचें तोंड बांधलें, आंतलें पाणी आंतच राहिलें, आणि पोपडे धरूं लागले. तीस वर्षें मी दगडाला दोष देत होतों. तो गिलावा मीच हौसेनें करविला होता.

पुढें एका घराची दुरुस्ती चालली होती. गवंड्याच्या हातीं घमेलें, सुतार बिजागरी बसवीत होता, मालक चावी शोधीत होते. मी नातवाला थांबवून म्हटलें, हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. बादली, पगार, पाव, बटाटा हेहि त्यांचेच. आपण गोव्याला परका म्हणतों आणि घर बांधावयाला निघालों कीं त्याचीच भाषा बोलतों. नातू हंसला. मास्तराचा स्वभाव निवृत्तीनंतरहि जात नाहीं.

पेठेच्या दक्षिण टोकाला संत सेबास्तियनचें लहान चर्च आहे, पांढरेंशुभ्र. हा संत सांथींपासून रक्षण करणारा मानतात. रोगानें हुसकलेल्या लोकांच्या वस्तींत त्याचें चर्च असावें हें स्वाभाविक आहे. सकाळची प्रार्थना संपत होती म्हणून तें उघडें मिळालें. एरवीं पुष्कळदां बंद असतें. आंत पुरुषभर उंचीचा क्रूस आहे. सामान्यतः क्रुसावरचा ख्रिस्त मान टाकलेला व डोळे मिटलेला असतो. येथें त्याची मान ताठ व डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वीं जुन्या गोव्यांत इन्क्विझिशनच्या वाड्यांत होता. त्या धर्मन्यायालयाची स्थापना गोव्यांत १५६० मध्यें झाली आणि १८१२ मध्यें तें बंद झालें. आरोपीच्या मनांत भय उपजावें म्हणून ते डोळे उघडे ठेविले, असें सांगतात. पुढें तो क्रूस पणजीच्या राजवाड्यांत आला आणि १९१८ मध्यें येथें.

मी त्या डोळ्यांपुढें पुष्कळ वेळ उभा होतों. ज्यांचीं देवळें मोडलीं, ज्यांना देव पाठीवर घेऊन नदीपार जावें लागलें, त्यांतल्या कांहीं घराण्यांचे वंशज आमच्या सीमेवरच्या गांवांतहि आहेत. शिवाय येतांना आम्ही पत्रादेवीला स्मारकापाशीं उतरलों होतों. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं तेथें निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यांत आल्या. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर सहा वर्षांनीं, १९ डिसेंबर १९६१ ला. तेव्हां जी सत्ता अशी, तिच्या काळची पेठ आपण कां जपावी, असा प्रश्न मनांत येतो, आणि तो आलाच पाहिजे. ज्याला तो येत नाहीं त्यानें नुसते रंग पाहिले.

माझें मत असें झालें. तो क्रूस तेथें आहे म्हणूनच मला १५६० ची आठवण झाली. भिंती पाडल्या असत्या तर जुलमाची साक्षहि त्यांबरोबर गेली असती. आणि पेठ कांहीं जुलमानें बांधलेली नव्हे. ती कारकुनांनीं, छापखान्यांतल्या माणसांनीं, पावभट्टीवाल्यांनीं, विधवांनीं दोनशें वर्षें राहून राखलेली आहे. चर्चपासून टेकडीच्या बाजूला वळलें कीं मळ्याच्या मारुतीचें देऊळ उंचावर दिसतें. त्याची जत्रा मोठी भरते आणि तिला चर्चच्या शेजारचीं माणसेंहि जातात. त्याच टेकडीवर आज आकाशवाणीचें पणजी केंद्र आहे. आमच्या लहानपणीं आजऱ्याला रात्रीं हें केंद्र लागे, आणि भजनें व नाट्यगीतें आम्ही तेथूनच ऐकत असूं.

एक गैरसमज दूर करतों. या पेठेला जागतिक वारसा म्हणून युनेस्कोनें मान्यता दिली आहे, असें ठिकठिकाणीं छापलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. १९८६ मध्यें त्या यादींत गेलीं तीं जुन्या गोव्यांतलीं चर्चें व मठ. फोंताइन्हासला जें संरक्षण आहे तें गोव्याच्या नगररचनेच्या नियमांचें. हा भाग संरक्षित म्हणून वेगळा राखलेला आहे, आणि मजला चढवावयाचा किंवा दर्शनी बाजू बदलावयाची तर परवानगी लागते. परंतु नियम पाडूं देत नाहीं एवढेंच करतो. शेकारणी कांहीं नियम करीत नाहीं. ती घरवाल्यानें करावयाची.

हें मला एका वृद्ध बाईंकडून समजलें. त्यांच्या दारावर इंग्रजींत पाटी होती कीं येथें छायाचित्रें काढूं नयेत. अशा पाट्या पेठेंत बऱ्याच घरांवर आहेत. मी पाटी वाचीत उभा राहिलों, तेव्हां त्या आंतून रागानें आल्या. पण माझें धोतर-टोपी आणि रिकामे हात पाहून निवळल्या. "मास्तर काय?" त्यांनीं विचारलें. मी होय म्हणालों. "येयात, बसात," असें म्हणून त्यांनीं दारांतच खुर्ची दिली. त्या कोंकणींत बोलत होत्या, मी मराठींत. अडचण पडली नाहीं.

त्यांचें म्हणणें असें. लोक येतात, दाराच्या पायरीवर चढून बसतात, लग्नापूर्वींचीं छायाचित्रें काढण्यासाठीं नवरानवरी, छत्र्या, दिवे घेऊन सकाळीं सातला खिडकीखालीं उभीं राहतात. कोणी खिडकींतून आंत डोकावतें. एकदां घरांत आजारी माणूस होतें तेव्हांहि थांबले नाहींत. "आमी म्युझियमांत रावनांत," त्या म्हणाल्या. आम्ही कांहीं संग्रहालयांत राहत नाहीं. रंगाचा खर्च, सुताराचा खर्च, कौलांचा खर्च त्यांचा. आणि चित्रें दुसऱ्यांचीं.

त्यांची दुसरी अडचण ऐकून मी चपापलों. गोव्यांत पोर्तुगीज काळच्या वारसाकायद्याचें मूळ तत्त्व आजहि टिकून आहे. मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखा. आणि मालमत्तेचा निम्मा भाग मृत्युपत्र करूनहि मुलांपासून काढून घेतां येत नाहीं. तत्त्व म्हणून मला तें आपल्या जुन्या चालीपेक्षां कितीतरी न्याय्य वाटतें. पण दोन-तीन पिढ्या गेल्या कीं एका घराचे पंधरा-वीस मालक होतात. कोणी लिस्बनला, कोणी इंग्लंडांत, कोणी मुंबईला. तुळई बदलावयाची तर खर्च कोणी करावयाचा, यावर पत्रें लिहावयाचीं. त्या बाईंच्या घराचे वाटेकरी अकरा. राहणाऱ्या त्या एकट्या. पलीकडचीं दोन घरें अशींच कुलुपबंद होतीं, आणि त्यांच्या कौलांतून पिंपळ वर आलेला मीं पाहिला. कांहीं घरांत आतां पाहुण्यांसाठीं खोल्या निघाल्या आहेत, कांहींत खाणावळी. त्यानें छप्पर टिकतें हें खरें. पण सारीच पेठ पाहुण्यांची झाली तर सज्ज्यावर कपडे वाळत घालणारें कोण उरेल, असें त्यांना वाटतें. मुंबईंत गिरगांवच्या खोताच्या वाडींत पूर्वीं पासष्टेक जुनीं घरें होतीं. आज निम्मींहि नाहींत. तेथें तर घरें जमिनीच्या भावापुढें हरलीं.

तेव्हां ज्यांना जावयाचें आहे त्यांनीं सकाळीं पायीं जावें, गल्लींत मोटार नेऊं नये, आणि कोणाच्या दाराशीं उभें राहावयाचें तर आधीं हांक मारून विचारावें. आजऱ्यांत कोणी आपल्या सोप्यावर न विचारतां चढून बसला तर आपण काय म्हणूं? तेवढें ध्यानांत ठेविलें कीं पुरे. उत्तरेकडचा सां तोमेचा भाग चुकवूं नये. जुनी टांकसाळ तेथें आहे, १८३४ ते १८४१ पर्यंत ती चालू होती, आणि शेजारचें टपालघर पूर्वीं तंबाखूच्या व्यापाराचें घर होतें. दुपारपर्यंत सारें पाहून होतें.

परत आल्यावर मीं भावांना पत्रें लिहिलीं. वाटेकरी आमच्याकडे अकरा नाहींत, चारच आहेत. पण पत्रांचीं उत्तरें यावयाला तेवढाच वेळ लागला. एकानें लिहिलें, दादा, तुमचें वय झालें, भावनेच्या भरीं पडूं नका. दुसऱ्यानें एक पावसाळा थांबावयाला संमति दिली आणि कौलांसाठीं पैसे पाठविले. धाकट्या भावाच्या पत्नीनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, कळविलें कीं पाडायचेंच असेल तर आधीं माजघराचें दार काढून त्यांना द्यावें. त्या दारांतून त्या लग्न होऊन आंत आल्या होत्या.

सिमेंटचा गिलावा उत्तरेच्या भिंतीवरून आम्हीं खरवडून काढला आहे. आंतला जांभा ओला होता, पण शाबूत निघाला. चुन्याची घाणी चालविलेला, चुना किती दिवस भिजवावयाचा हें जाणणारा गवंडी मात्र आजऱ्यांत मिळेना. अखेर जवळच्या एका खेड्यांत सत्तरी उलटलेला एक जण सांपडला. नजर मंद झाली आहे, पण हात लावून सांगतों म्हणाला. तो येत्या सोमवारीं भिंत पाहावयाला येणार आहे. नातवालाहि त्या दिवशीं मीं सुट्टी काढून यावयास सांगितलें आहे.